पाण्याचा काटा, तेलाचा ताप

मेहकरहून समृद्धी महामार्गावर चढले की रस्ता सरळ, मोकळा आणि मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता झाला. या रस्त्यावर टायर फुटण्याविषयी पुष्कळ बोलले गेले. इंजिनातल्या तेलाविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही.

आपली दहा-बारा वर्षांची जुनी गाडी गावाकडच्या रस्त्यावर धावते तेव्हा तिला सारखी उसंत मिळते. कुठे खड्डा, कुठे बैलगाडी, कुठे चहाची टपरी. महामार्गावर ही उसंत नाही. शिवाय वेग ८० वरून १२० वर नेला, म्हणजे फक्त दीडपट केला, तरी नुसती हवा कापायला जवळजवळ साडेतीनपट ताकद लागते. त्यात वैशाखात बाहेरच ४२-४३ अंश!

अमेरिकेत २००६ पासून ‘लेमन्स’ नावाची एक गमतीदार शर्यत भरते. फ्रान्समधल्या १९२३ पासूनच्या प्रसिद्ध ‘ल मां’ शर्यतीच्या नावावर केलेली ही कोटी. तिकडे भंगार निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. नियम असा, की गाडी पाचशे डॉलरच्या आतली हवी. अशी गाडी तासन्‌तास पळवायची तर आधी तेलाचा विचार करावा लागतो. आपणही आपल्या जुन्या गाडीकडून नकळत तेच काम करून घेतो आहोत.

गंमत अशी, की समोरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, तेलाचे नाही. थर्मोस्टॅट पाणी नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो, काटा मध्यावर, आपण निर्धास्त. तेल मात्र सावकाश तापते आणि सतत जास्त फेऱ्यांवर इंजिन फिरले की पाण्याच्याही वर जाते. १३० अंशांच्या पुढे ते लवकर खराब होते, पातळ पडते, क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला पडदा विरळ होतो. मग इंजिन खडखडू लागते, ते शेवटी मिस्त्रीच्या दारातच थांबते.

मग जाडे तेल घालावे का? डब्यावर २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, थंडीतले वागणे. शेवटचा आकडा तापल्यावरचा जाडपणा. गाडीच्या पुस्तकात दोन-तीन दर्जे चालतील असे दिले असेल, तर उन्हाळ्यात त्यातला जाडा निवडावा. पुस्तकाबाहेर जाऊ नये, नव्या इंजिनांच्या वाटा अरुंद असतात. आणि महागड्या डब्यापेक्षा पातळी महत्त्वाची. अर्धा लिटर तेल कमी असेल, तर उरलेल्यावर सगळा भार पडतो.

शर्यतवाले तेलासाठी वेगळा छोटा रेडिएटर लावतात. पल्सर २२० च्या इंजिनापुढे दिसणारी बारीक जाळी म्हणजे तोच ऑइल कूलर. मोटारीला तो बाहेरून बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. एखादा पाइप सुटला तर क्षणात सगळे तेल रस्त्यावर!

पाण्याचेही तसेच. शर्यतीत पुष्कळदा साधे पाणी आणि गंजरोधक वापरतात, कारण ग्लायकॉल सांडले तर धावपट्टी निसरडी होते. आपण मात्र कूलंटच वापरावे, तेही डिस्टिल्ड पाण्यात. बोअरच्या पाण्याने चुलीवरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरलाही चढतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही हद्द १४० वर येऊ शकते. दोन वर्षांनी ते बदलावे.

प्रवासाला निघण्यापूर्वी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी कांडी ओढून तेल पाहा. आणि वेग १२० ऐवजी १०० ठेवलात, तर हवा कापायला लागणारी ताकद चाळीस टक्क्यांहून अधिक घटते. अडीच तासांच्या वाटेला तीन तास लागतात, इतकेच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)