जीर्ण नळ आणि उद्याचे पाणी



सतराव्या शतकात मलिक अंबरच्या नहरींनी आपल्या छत्रपती संभाजीनगरची तहान भागविली. पुढे जायकवाडीचे पाणी आले. परंतु ७०० मि.मी. व्यासाची जुनी जलवाहिनी वारंवार फुटू लागली. म्हणून २०२० मध्ये २५०० मि.मी. जलवाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन झाले.

तथापि पैठणहून मोठा नळ आणून भागणार नाही. गल्लीतील नळ सडका असेल, तर पुरवठा थांबताच दाब घटून भेगांतून सांडपाणी आत शिरते. पाणी गाळून पिणे हा आपला संस्कार. पण वस्त्राने रोगजंतू गाळले जात नाहीत.

जीर्ण नळ बदलताना दुकानांपुढे खोदकाम होईल. ते आपण व्यापाऱ्यांनी सोसावे आणि घरची जुनी जोडणीही स्वखर्चाने बदलावी, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!