चार घरांचं एक प्रदर्शन



नागपूरच्या ज्या सदरमध्ये आज तुम्हाला पदवी मिळते आहे, तिथून जवळपास चार घरं आहेत: तीन संग्रहालयं आणि एक सांस्कृतिक केंद्र. सिव्हिल लाइन्समध्ये मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सगळ्या नागपूरचा अजब बंगला. तो 1863 सालचा. तिथेच जवळ दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. कडबी चौकाकडे गेलात तर मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, आणि सेमिनरी हिल्सवर भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाच्या केंद्राचं संग्रहालय. यातलं एक राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे, एक रेल्वेकडे आणि दोन केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली. खाती वेगळी, शिक्के वेगळे, सुट्ट्यांचे वारसुद्धा वेगळे असू शकतात. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. विदर्भाच्या आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन व्हायला हवं, पण ते एका भव्य दालनात होऊ नये. या घरांनी ते आपापसांत वाटून घ्यावं. आणि त्यासाठी खटपट करणारी माणसं आता तुमच्यातून निघावीत.

आधी संग्रहालयाबद्दलचा एक समज दूर करायला हवा. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचं घर, आजच्या चित्रकाराचं तिथे काय काम, असं आपण धरून चालतो. नागपूरचा इतिहास मात्र उलट सांगतो. अजब बंगला उभा राहिल्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर 1865 मध्ये, नागपुरात मध्य प्रांताचं कला, कारागिरी आणि उत्पादनांचं मोठं प्रदर्शन भरलं. मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. त्यामागे राज्यकर्त्यांचा व्यापारी हिशेब होता, हे विसरण्याचं कारण नाही. पण प्रांतात त्या घडीला लोक काय विणतात, काय घडवतात, हे पाहण्यासाठी ते भरलं होतं. पुढे 30 डिसेंबर 1938 ला वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, तेही चालू हातांच्या कामाचं संग्रहालय म्हणून. त्याच्या दोन वर्षं आधी खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल ते साहित्य घेऊन अख्खं अधिवेशननगर सजवलं होतं. म्हणजे वर्तमानातली निर्मिती लोकांपुढे मांडणं हा या भूमीचा जुना परिपाठ आहे. संग्रहालय फक्त भूतकाळाचं, ही समजूत आपल्या अंगवळणी नंतर पडली.

हा परिपाठ सुटला की काय होतं, ते तीन चित्रकारांच्या नावांतून दिसतं. वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे. 1939 ते 1943 ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. जनगढसिंह श्याम त्याच मंडला भागातल्या पाटणगढचे. 1956 पर्यंत मंडला आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आता त्यांच्या कामाची मोठी दखल कुठे घेतली गेली ते बघा. गायतोंडेंचं सिंहावलोकन 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये उघडलं आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या व्हेनिसमधल्या संग्रहालयात गेलं. रझांचं 2023 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात झालं. जनगढला 1981 मध्ये चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या माणसांनी शोधलं ते भोपाळच्या भारत भवनासाठी, आणि 1989 मध्ये त्याचं काम पॅरिसला गाजलेल्या प्रदर्शनात लागलं. कलावंत बाहेर गेले याचं दुःख करण्यात अर्थ नाही, ते जातातच. दुःख आहे ते हे, की त्यांच्याबद्दलचे प्रश्न विचारण्याचं कामसुद्धा आपण बाहेरच्यांवर सोपवलं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. प्रादेशिक म्हटलं की कलावंत लहान होतो. गायतोंडेंचं घराणं गोव्याचं, घडण मुंबईची. केवळ जन्मदाखल्यावरून त्यांना वैदर्भीय ठरवून काय साधणार? काही नाही, हे मला मान्य आहे. प्रदेशाच्या नावानं कलेवर हक्क सांगितला की कला संपते आणि अस्मितेचा फलक उरतो. पण म्हणूनच मी एका दालनाला विरोध करतो. सगळं एका छताखाली आणलं की दारावर एक व्याख्या लावावीच लागते: विदर्भाची कला म्हणजे हे. तेच चार घरांत वाटलं की चार वेगळे प्रश्न उभे राहतात. मानववैज्ञानिक संग्रहालयात गोंड चित्रकाराचं काम लागलं, तर पहिला प्रश्न त्या घरालाच पडतो, की आपण या समाजाला आजवर अभ्यासाचा विषय मानत आलो, तो आज कर्ता म्हणून समोर उभा आहे, आता काय? नॅरोगेज संग्रहालयात प्रश्न रेल्वेचा होतो. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या अडीच फुटी रुळांनी हा जंगलमुलूख बाजाराला जोडला. त्या रुळांनी काय आणलं आणि काय नेलं? कलावंत तोच असेल, पण घर बदललं की त्याच्या कामाचा अर्थ नव्यानं तपासावा लागतो.

शिळा, नाणी आणि ताम्रपट यांच्यात आजचं चित्र विसंगत दिसेल, असं कुणी म्हणेल. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयानं याचं उत्तर दिलेलं आहे. 1872 मध्ये खुलं झालेलं ते संग्रहालय जीर्णोद्धारानंतर आजच्या कलावंतांना बोलावू लागलं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांनी जुन्या कपाटांच्या, जुन्या वस्तूंच्या सान्निध्यात नवं काम मांडलं. आपल्याकडे तर यासाठी साहित्य अपार आहे. 1870 मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला तांब्याच्या चारशेहून अधिक वस्तूंचा साठा सापडला. त्यातल्या काही अजब बंगल्यात आल्या, काही लंडनला गेल्या. आज धातूत काम करणाऱ्या मुलीला त्या तांब्याशेजारी जागा मिळाली तर ती काय करेल? आणि मारबतीचा विचार करा. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीनं निघणारी मारबत आणि तिच्यासोबतचे बडगे, हे पुतळे म्हणजे नागपूरची सर्वांत जिवंत समकालीन शिल्पकला आहे. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना जे जाचलं असेल ते बडग्यात उतरतं, आणि मिरवणूक संपली की जळतं. जी वस्तू जाळण्यासाठीच घडवली जाते, ती जतनासाठी बांधलेल्या इमारतीत कशी दाखवायची? तिचा सांगाडा ठेवायचा, घडवण्याचे दिवस दाखवायचे, की फक्त राख? चितार ओळीतल्या कारागिराला सोबत घेतल्याशिवाय याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

व्यवहाराचे आक्षेप उरतात. विमा, पहारा, उसनवारीचे करार, तीन वेगळ्या खात्यांच्या परवानग्या. आणि नागपूरचा मे महिना, ज्यात कागद आणि रंग दोन्ही सुकून तडकतात. प्रेक्षकाला एका जागी आणायलाच मिनतवारी करावी लागते, तो चार ठिकाणी जाईल का? मी या अडचणी कमी लेखत नाही. पण जगात हे घडलेलं आहे. ब्रिटनमध्ये 1979 पासून साधारण दर पाच वर्षांनी एक फिरतं प्रदर्शन भरतं. त्याच्या नवव्या खेपेला ते ॲबरडीन, वुल्व्हरहॅम्प्टन, मँचेस्टर आणि प्लिमथ या चार शहरांत गेलं, आणि प्रत्येक शहरात कलावंतांची जुळणी बदलली. दक्षिण कॅलिफोर्नियात 2011 मध्ये साठाहून अधिक संस्थांनी आपल्या प्रदेशाची युद्धोत्तर कला वाटून दाखवली. त्यामागे गेटी प्रतिष्ठानची थैली होती, आपल्यामागे तशी नाही. म्हणून साठ नकोत, चारच घरं घ्या. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्च्यांनी आणि बंदोबस्तानं भरतात, तेव्हा ते आटोपलं की जानेवारी-फेब्रुवारी धरा. हवा चांगली असते, शाळांच्या सहली निघतात. एकच तिकीट चारही ठिकाणी चालावं, आणि एक बस चारही दारांवर थांबावी. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बसमध्ये वस्तू ठेवून गावोगाव जातं. आपल्याला तर फक्त माणसं न्यायची आहेत. चार घरं केल्यानं प्रेक्षक विभागतील, ही भीतीही मला पटत नाही. रेल्वेची इंजिनं पाहायला येणारं कुटुंब कलादालनाची पायरी सहसा चढत नाही. त्याच्या वाटेवर चित्र ठेवलं, तर जो प्रेक्षक आपण कधी मोजलाच नाही तो आपल्याला मिळतो.

सर्वांत अवघड काम मात्र पैशाचं नाही, पाट्यांचं आहे. चित्राखाली लागणारी ती चार ओळींची पाटी कोण लिहिणार आणि कोणत्या बोलीत? गडचिरोलीच्या कलावंतानं आपल्या कामाला गोंडीत दिलेलं नाव मराठी पाटीवर ‘पारंपरिक आकृती’ होऊन बसतं. आरमोरीच्या कोशाच्या धाग्याला, झाडीपट्टीच्या नाटकाच्या रंगवलेल्या पडद्याला तिथली माणसं जे शब्द वापरतात, ते आपल्या अभ्यासक्रमात नाहीत. ते शब्द त्या माणसांकडे जाऊन विचारून आणावे लागतील, त्यांना वाचून दाखवावे लागतील, त्यांनी चूक दाखवली की पाटी पुन्हा लिहावी लागेल. गोंडी, मराठी आणि हिंदी, तिन्ही सारख्याच ठळक अक्षरांत. या कामाला कुणाची मंजुरी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. एक वही लागते आणि वडसा, आरमोरी, गडचिरोलीकडे जाणारी एसटी लागते.