शेजारची खुर्ची



शिक्षकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकाला दिलात, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. ३४ वर्षे मी नववी-दहावीला शिकवले. त्या अनुभवातून एकच गोष्ट आज तुमच्यापुढे मांडायची आहे. माध्यमिक शिक्षकाला वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत करायची, तर ती नेमकी कशी?

आपल्याकडे यंत्र नेहमी आधी आले, शिक्षकाचा विचार नंतर. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी बनावटीचे संगणक मिळाले. २००४च्या डिसेंबरात आयसीटी योजना आली आणि हळूहळू अनेक हायस्कुलांत संगणक कक्ष उभे राहिले. त्या कक्षाला वेगळे कुलूप होते आणि वेळापत्रकात संगणकाचा तासही वेगळा. भूमितीच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाचा त्या खोलीशी संबंध कसा यावा, याचा विचार फारसा झाला नाही. मग प्रोजेक्टर आले, फळ्याच्या जागी पडदे आले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, २०१७ साली ‘दीक्षा’ हे शासनाचे ऑनलाइन व्यासपीठ आले. साधनांची उणीव अजूनही आहे, वाडीवस्तीच्या शाळेत वीज आणि रेंज हे रोजचे प्रश्न आहेत, हे मी विसरलेलो नाही. पण जिथे साधन पोचले, तिथेही ते कपाटात का राहिले, हे आपण आपल्याला विचारायला हवे.

प्रशिक्षणे झाली नाहीत असे नाही. अशाच एका प्रशिक्षणाला मी बसलो होतो. सभागृहात दीडशे शिक्षक, मराठीपासून शारीरिक शिक्षणापर्यंत सगळ्या विषयांचे. मार्गदर्शकांनी एका दिवसात अकरा ॲप दाखवली. संध्याकाळी हजेरीपटावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी माझा दहावीचा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा होता, आणि त्या अकरा ॲपपैकी कोणते त्या धड्यात कुठे वापरायचे, हे मला सांगता आले नसते. हा दोष मार्गदर्शकांचा नव्हता. मुळात प्रशिक्षणाची आखणीच ॲपभोवती झाली होती, धडा तिच्यात नव्हता.

याउलट आमच्या शाळेत घडलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या एक सहकारी बाई २७ वर्षे गणित शिकवत होत्या. फळ्यावर हाताने काढलेले त्यांचे वर्तुळ कंपासने काढल्यासारखे यायचे. दहावीच्या ‘वर्तुळ’ प्रकरणात एकाच कंसात अंतर्लिखित केलेले कोन एकरूप असतात, हे प्रमेय मुले पाठ करतात. मुलांना ते पटत मात्र नाही, ही बाईंची खंत होती. जिओजेब्रा नावाचे मोफत साधन मला थोडेफार येत होते. आम्ही रिकाम्या तासाला शिक्षक-खोलीत एकमेकांशेजारी बसू लागलो. असे तीन आठवडे चालले.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “सर, मला यंत्राची भीती नाही. पन्नास मुलांसमोर अडखळण्याची आहे.” हे वाक्य मी कधी विसरलो नाही. आपल्या व्यवसायात वर्गापुढचा अधिकार हीच खरी पुंजी असते. ती पणाला लावा असे आपण ज्येष्ठ शिक्षकाला सांगतो, पण त्याच्या पाठीशी कोणाला उभे करत नाही. अशा शिक्षकाला ‘तंत्रस्नेही नाही’ असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

मी त्यांना वर्तुळावरचा बिंदू सरकवायला शिकवले. त्यांनी मला त्याहून मोलाचे काही शिकवले. मी कोनाचे माप सुरुवातीपासूनच पडद्यावर ठेवले होते. त्या म्हणाल्या, “माप झाका. आधी मुलांना वहीत दोन-तीन कोन काढून मोजू द्या. बिंदू सरकवल्यावर कोन वाढेल की कमी होईल, हे त्यांनी आधी सांगायचे. मग माप उघडायचे.” वर्गात तसेच झाले. निम्म्या मुलांनी वाढेल म्हणून सांगितले. बिंदू कंसावरून फिरत राहिला आणि आकडा जागचा हलला नाही. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “बाई, बिंदू जीवेच्या दुसऱ्या बाजूला नेला तर?” त्यांनी नेला. कोन बदलला, आणि आधीच्या कोनात मिळवला तर बेरीज १८० अंश आली. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे पुढचे प्रमेय त्या मुलाच्या प्रश्नातून वर्गात आले. बाई ते शिकवायला निघाल्याही नव्हत्या.

शिक्षणशास्त्रात याला आधार आहे. विषय जाणणे आणि तो मुलांना कसा शिकवायचा हे जाणणे, या दोहोंच्या मिलाफातून शिक्षकाचे खास ज्ञान बनते, असे ली शुलमन यांनी १९८६ साली मांडले. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. तिन्ही एकत्र गुंफले गेले तरच उपयोग, हे त्यांचे म्हणणे. आमच्या शिक्षक-खोलीत यांतले दोन धागे बाईंच्या हाती होते, माझ्याकडे एकच होता.

आणि म्हणूनच, कुठे यंत्र नको हे ठरवण्याचा हक्कही शिक्षकाचाच असला पाहिजे. बहिर्गोल भिंग खिडकीसमोर धरून समोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा दाखवता येत असताना त्याचा व्हिडिओ लावणे मला पटत नाही. परिपथातला विद्युतप्रवाह मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथे कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही संगणकीय सिम्युलेशन्स फार उपयोगी पडतात, आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत.

शिक्षकाच्या पाठीशी माणूस कसा उभा करता येतो, यासाठी केरळकडे पाहा. तिथे २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, २०१७ साली त्याचेच ‘काईट’ झाले. आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसले. मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की प्रशिक्षक शिक्षकांमधूनच घडवले गेले आणि शाळेतल्याच एका शिक्षकाकडे समन्वयाचे काम दिले गेले. अडले तर विचारायला माणूस त्याच इमारतीत होता. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांचे काम प्राथमिक शाळेतले, पण त्याची सुरुवातही स्वतःच्या वर्गातल्या अडचणीपासून झाली, हे आपण माध्यमिकवाल्यांनी लक्षात घ्यावे.

शासनाकडे आणि संस्थाचालकांकडे माझे मागणे साधे आहे. शिक्षकाच्या हातातला मोबाइल आज यू-डायस, सरल, शालार्थ ही शासकीय पोर्टले आणि रोज येणाऱ्या लिंक भरण्यात झिजतो, तोही स्वतःच्या खिशातल्या डेटावर. ते ओझे उतरवा. प्रत्येक हायस्कूलमध्ये एका शिक्षकाला आठवड्याचे चार तास कमी द्या, आणि ते चार तास त्याने सहकाऱ्यांबरोबर धडा बांधण्यात घालवावेत. प्रशिक्षण विषयवार घ्या, एका सत्रात दोनच धडे घ्या, आणि महिन्याभराने वर्गात येऊन पाहा. पाहायला येणाऱ्याच्या हाती तपासणीचा तक्ता नसावा. मुख्याध्यापकांनी एवढेच करावे, की पहिल्या प्रयत्नात वीज गेली किंवा पडदा काळा झाला तर त्या शिक्षकाला बोल लावू नये.

या आशयाचा ठराव आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात येणार आहे. त्याला तुमचा पाठिंबा मी मागतो. मात्र त्याचे उत्तर येईपर्यंत थांबू नका. सोमवारी शाळेत गेलात की एका सहकाऱ्याला विचारा, तुमचा कोणता धडा मुलांना जड जातो? आणि रिकाम्या तासाला त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा.