घरपट्टीचा हिशेब



दिल्लीत पूर्वी घरपट्टी घराच्या संभाव्य भाड्यावरून ठरे. तो अंदाज महापालिकेचा अधिकारी बांधी. तो मान्य नसेल तर घरमालकाने अपिलाच्या फेऱ्या घालाव्यात. १ एप्रिल २००४ पासून एकक क्षेत्र पद्धती आली. वसाहतींचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ वर्ग पडले आणि आकारणी नागरिकानेच करावयाची ठरली.

चौरस मीटरमागे ‘ए’ वर्गास ६३० रुपये, तर ‘एच’ वर्गास १०० रुपये मूल्य लावण्यात आले. समजा, ‘एच’ वर्गात १९७५ साली बांधलेले ५० चौरस मीटरचे पक्के, राहते घर आहे. ५० गुणिले १००, गुणिले घराच्या वयाचा गुणक ०.७, वार्षिक मूल्य झाले ३,५०० रुपये. कर म्हणजे या रकमेचे ठरावीक टक्के. तेच घर भाड्याने दिले की गुणक दुप्पट, मूल्य ७,००० रुपये. हा वाढीव बोजा अखेर कोणावर पडतो, हे भाडेकरूंना सांगावयास नको.

म्हणून प्रत्येक वस्तीत हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा आणि जुन्या पावत्या जपावयास सांगावे. मग भरलेला व थकलेला कर विचारण्यासाठी दलालाचे पाय धरावे लागणार नाहीत.