उंबरठ्यावरचा विचार : घरातील मितव्यय आणि कचऱ्याचा प्रश्न

(मुरगाव तालुक्यातील स्वयंसाहाय्य गटांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर बोलण्यापूर्वी मी माझा एक प्रमाद कबूल केला पाहिजे. प्रसिद्धी हे माझे काम. काही वर्षांपूर्वी स्वच्छतेचा संदेश लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी मी फ्लेक्सचे मोठाले फलक करवून घेतले. मोहीम आठवडाभरात आटोपली. पुढे ऐन पावसाळ्यात एका तुंबलेल्या गटारातून कामगारांनी त्यांतलाच एक फलक ओढून काढताना मी पाहिला. त्या चिखलातही ‘स्वच्छता राखा’ ही अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. तेव्हापासून वस्तू टाकावी कोठे, यापेक्षा ती आणावी की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला.

मुरगावकरांना तर तो टाळताच येणार नाही. उत्तरेस झुआरी, पश्चिमेस अरबी समुद्र, किनाऱ्यावर बंदर, पठारावर दाबोळीचा विमानतळ आणि उरलेल्या जागेत दाट वस्ती! ‘दूर नेऊन टाका’ असे म्हणावे, तर दूर अशी जागाच येथे नाही. सड्यावर पडलेली पिशवी पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर खाली समुद्रात उतरते. ज्यांच्या पातळ शिंपल्या आपले पूर्वज काचेऐवजी खिडक्यांना बसवीत, ती कालवे आपल्याच चिखलीच्या खाडीत वाढत आली आहेत. आपल्या घरातून निघालेली घाण अखेर त्यांच्या वाट्याला जाते.

शासनाने या बाबतीत काही पावले उचलली आहेत. २०१६ साली साळगाव येथे कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. ओल्या कचऱ्यापासून तेथे वायू व वीज निर्माण करण्याची योजना आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने घ्या. त्यांत प्लॅस्टिकचे व धातूचे पातळ थर एकमेकांना असे चिकटविलेले असतात, की ते वेगळे करणे परवडत नाही. असा निरुपयोगी सुका कचरा गोव्यातून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे धाडावा लागला आहे. कुरकुरीत खाऊचा आनंद पाच मिनिटांचा आणि त्याच्या वेष्टनाचा प्रवास परराज्यापर्यंत!

यावर उपाय शोधताना आपल्याच जुन्या घराची आठवण होते. पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे पुरुमेंत भरीत. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द. त्याचा अर्थ बेगमी. तांदूळ, मीठ, सुक्या मिरच्या, सोलां, सुकी मासळी असे चार महिन्यांचे सामान एकदाच मोजून घ्यावयाचे आणि बरण्यांत, मडक्यांत, कणगीत भरावयाचे. करवंटीची डवली होई, चुडताच्या हिरांची केरसुणी होई, सोडणे चुलीत जात. घरात किती लागेल, याचा हिशेब गृहिणीच्या डोक्यात पक्का असे.

मात्र या चित्राचे मी नुसते गोडवे गाणार नाही. ते घर साधे होते ते बहुधा निवडीने नव्हे, तर अभावामुळे. शिवाय ती काटकसर घरातील स्त्रियांच्या अपार कष्टांवर उभी होती. राखेने भांडी घासणारे हात कोणाचे होते, हे आपण जाणतो. तो अभाव आपल्याला पुन्हा नको आहे. आपल्याला हवा आहे तो पुरेसे किती, हे ओळखण्याचा त्यांचा विवेक.

मी स्वतः एक आठवडा घरातील सारी वेष्टने एका पोत्यात साठविली. आठव्या दिवशी ते ओटीवर रिकामे केले. दुधाच्या पिशव्यांचा ढीग अपेक्षित होता. परंतु सर्वांत अधिक निघाल्या त्या मासळीच्या आणि भाजीच्या पातळ पिशव्या. त्या सर्व माझ्याच हाताने घरात आल्या होत्या. आता बाजारास जाताना मी झाकणाचा स्टीलचा डबा आणि दोन कापडी पिशव्या नेतो. पहिल्या दिवशी मासेविक्रेतीने हसून विचारले, “भाऊ, जेवण घेऊन आलात काय?” आता तीच डबा पुढे करावयास सांगते.

ओल्या कचऱ्याचेही असेच आहे. उकिरड्यावर दडपल्यावर हवेअभावी तो कुजून मिथेन वायू होतो. हाच वायू उकिरड्यांवरील आगी भडकवितो. घरी मात्र तळाशी व बाजूंना भोके पाडलेली एक बादली पुरते. खाली सुका पाला घालावा, दररोजच्या साली व देठ टाकून वर काथ्याचा भुसा पसरावा. दुर्गंधी आल्यास ओल अधिक झाली असे समजून आणखी भुसा घालावा व ढवळावे. पावसाळ्यात बादली आडोशाला ठेवावी. मासळीचे अवशेष त्यात न टाकता माडाच्या मुळाशी खोल पुरावेत. सुमारे दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत हाती येते.

हे सारे करावयाचे कोणी? येथेच आपली खरी कसोटी आहे. कचरा निवडणे, बादली ढवळणे, पिशव्या धुणे ही आणखी चार कामे गृहिणीच्या माथी मारली, तर हा उपक्रम महिनाभरही टिकणार नाही; आणि तो टिकू नये, हेच न्याय्य होईल. वास्कोच्या श्रीदामोदर भजनी सप्ताहाची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे. तेथे चोवीस तास भजन अखंड चालते. ते एकट्याच्या गळ्यावर चालत नाही. एक पथक टाळ खाली ठेवण्यापूर्वी दुसरे उभे राहते. घरातील कामाची पाळीही अशीच बांधावी. ती पतीने घ्यावी, मुलाने घ्यावी, मुलीने घ्यावी. आणि यंदाच्या सप्ताहाच्या फेरीत जाताना प्रत्येकाने आपली पिशवी व आपला पेला बरोबर न्यावा.

या सभेचा फलक आपल्या गटातील भगिनींनी जुन्या चादरीवर रंगविला आहे. सभा संपल्यावर तो धुऊन पुन्हा वापरता येईल. माझ्या त्या फ्लेक्सचे मला जमले नाही, ते आपण करून दाखविले, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

जय हिंद! जय गोमंतक!