कुड्याची साल कोणाची?
भावांनो, बायांनो, रक्ताची आव लागली की आपल्या म्हाताऱ्या कुड्याची साल उकळून पाजायच्या. हिवतापाला सातवीण. (आता ताप आला तर आधी रक्त तपासायचं, सातविणीच्या भरवशावर पोर घालवायचं नाही.) साल झाडाच्या एकाच अंगाने काढायची, चौफेर सोललं की झाड मरतं. हे आपल्याला कोणी साहेबाने शिकवलं नाही.

१९२७ च्या वन कायद्याने सालसुद्धा वनोपजात धरली आणि आपल्याच औषधाचे आपण चोर झालो! २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी झाडपाला, मुळ्या, कंद यांवर आपली मालकी मान्य केली. दाव्यात दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. तर कोणत्या ओहळावरून साल आणायचे, कोणत्या डोंगरातून कंद, ते सगळं त्यांच्याकडून पावसाळ्याआधी लिहून घेऊ आणि वनहक्क समितीकडे देऊ.