गव्हाण आपल्याला कोणी समजावून सांगायला नको

थंडी पडली का तुमच्याकडे? आमच्या वसमतला सकाळी शेकोटीशिवाय बाहेर पाऊल टाकावंसं वाटत नाही सध्या.

डिसेंबर लागला की आधी फोनला कळतं. शॉपिंगच्या ॲपवर लाल टोपी चढते, सेल सुरू होतो, रीलमध्ये तीच घंट्यांची ट्यून वाजायला लागते. आता हिंगोलीच्या बाजारातसुद्धा कागदी चांदण्या आणि प्लास्टिकची ख्रिसमस ट्री मिळतात. बेकरीवाला पंचवीस तारखेच्या केकची ऑर्डर आधीच घेऊन ठेवतो.

मी ख्रिस्ती घरातली. त्यामुळे या दिवसांत एक प्रश्न मला हमखास येतो. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने तर सरळच विचारलं, "केक आणि सांता सोडून तुमच्या ख्रिसमसमध्ये आहे काय गं?" प्रश्न चांगला आहे. आजचा भाग त्यावरच.

पहिली गोष्ट, माझा केकवर काही राग नाही. आमच्या घरी केकच्या आधी करंज्या, शंकरपाळे आणि चिवडा होतो, शेजारीपाजारी ताटं जातात. सण म्हटलं की हे आलंच. पण या सगळ्या वस्तूंच्या मागे काय आहे, ते जरा बघू.

शब्दापासून सुरू करू. आपण मराठीत 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे जन्म. बस, एवढाच. आपण दरवर्षी एकमेकांना 'जन्माच्या शुभेच्छा' म्हणत असतो.

आता तारीख. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठेही दिलेली नाही. रोममधल्या ३३६ सालच्या नोंदीत २५ डिसेंबर पहिल्यांदा दिसतो. म्हणजे घटना आधीची, तारीख नंतर ठरली. सांताचंही तसंच. निकोलस नावाचे एक बिशप होते, चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप पैसे टाकले, अशी कथा सांगतात. त्यातला 'गुपचूप' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ते घराघरांत मांडतात ना, छोटा गोठा, बाळ, मेंढरं? त्या देखाव्याची प्रथा लोकप्रिय केली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी. इटलीतल्या ग्रेच्चो गावात, १२२३ साली. त्यांनी खरं गवत आणलं, खरा बैल, खरं गाढव आणलं, आणि लोकांना म्हणाले, बघा, असं होतं ते. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीसुद्धा मूळ गोष्ट कोणीतरी डोळ्यांसमोर उभी करून दाखवावी लागत होती. तेव्हा तर मोबाइलही नव्हता!

मग मूळ गोष्ट काय आहे? लूकच्या शुभवर्तमानात ती अगदी थोडक्यात आहे. रोमच्या बादशहाचं फर्मान निघतं की सगळ्यांची नावनोंदणी करा. योसेफ आणि मरिया नासरेथहून बेथलेहेमला जातात. मरिया गरोदर. उतरायला जागा मिळत नाही. तिथेच बाळंतपण होतं आणि ती बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवते.

गव्हाण! शहरातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. आपल्याला नाही. कडबा कुठे टाकतात, बैलाची लाळ कुठे लागलेली असते, पहाटे तिथे कसला वास येतो, हे आपल्याला पाठ आहे. त्या ठिकाणी तान्हं बाळ ठेवलंय, एवढं नुसतं मनात आणा. चमकीच्या कागदातली गव्हाण सोडून द्या, आपल्या आजोबांच्या गोठ्यातली आणा.

पुढे बघा. ही बातमी पहिल्यांदा कोणाला कळते? राजवाड्याला नाही, मंदिरातल्या मोठ्या याजकांना नाही. रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. आपल्याकडे पिकं निघाली की वावरात मेंढ्या बसवतात ना? रात्रभर थंडीत जागणारी ती माणसं, त्यांचं घोंगडं, त्यांचं कुत्रं. गावाच्या कुठल्याच कार्यक्रमाची पत्रिका ज्यांना जात नाही, अशी माणसं. तसल्यांना पहिलं आमंत्रण.

मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही, भेटवस्तू तीन आहेत. त्याच गोष्टीत हेरोद राजा आहे, जो बेथलेहेमची लहान मुलं मारायला निघतो, आणि हे कुटुंब रातोरात मिसर देशात पळून जातं. ग्रीटिंग कार्डावर हा भाग कधीच छापत नाहीत. पण नाताळच्या गोष्टीत तोही आहे.

ख्रिस्ती माणूस यातून काय घेतो? आमची श्रद्धा अशी की देवाने लांबून निरोप धाडला नाही, तो स्वतः माणूस होऊन आला. इम्मानुएल म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. आणि तो स्वतः आला असेल, तर तो कुठे उतरला याला फार अर्थ आहे. जागा नसलेल्यांच्या जागेत उतरला. नाताळचा अर्थ मला तरी या एका वाक्यात सापडतो.

आपल्या जिल्ह्यात हे समजायला अवघड जाऊ नये. नर्सी इथलीच, संत नामदेवांचं जन्मस्थान मानली जाणारी. औंढा नागनाथची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागे जा म्हणाले, ते मागे जाऊन गात बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. दोन परंपरा वेगळ्या, श्रद्धा वेगळ्या. पण मागे ढकललेल्या माणसाकडे देव तोंड करतो, हे इथल्या मातीला आधीपासून ठाऊक आहे. म्हणून तर नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली तेव्हा ती मराठी माणसाला परकी वाटली नाही. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झालं होतं.

आता मुद्द्याचं बोलते.

आमची मंडळी लहान आहे. नाताळच्या तयारीसाठी तरुण संघाची बैठक झाली. एक जण म्हणाला, यंदा मोठी साउंड सिस्टीम लावू, लाइटिंग करू, वर्षातून एकदा तरी गावाला कळू द्या आपण आहोत म्हणून. त्याचं म्हणणं मला मनापासून पटलं. संख्या कमी असली की दिसावंसं वाटतं. त्यात वाईट काय?

मग मागे बसलेली एक मावशी बोलली. आमच्या मंडळीतली तीन घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलीत. मुकादमाची उचल घेतलेली, आता फड संपेपर्यंत येणार नाहीत. मावशी स्वतः लहानपणी आईबापांबरोबर फडावर राहिलेली. ती म्हणाली, "आमाला तर पंचवीस तारीक कधी येऊन गेली कळायचंच नाही. पहाटं मोळ्या, रातीला मोळ्या. तुमी इथं गाणी म्हणनार, पन ती तीन घरं कुठंयत?"

कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

मंडळी, फडावरची कोपी पाहिलीय का तुम्ही? पाचटाचं छप्पर, आत वाकून जायचं. तान्हं लेकरू असलं तर बैलगाडीखाली साडीची झोळी बांधतात आणि आई तिकडे ऊस तोडते. नावनोंदणीसाठी निघालेली मरिया आणि उचल फेडायला निघालेली आपली बाई यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. गव्हाण आणि झोळी यांच्यातही नाही.

तर आता प्रस्ताव असा आहे की साउंडच्या पैशात एक जीप करायची, चोवीस तारखेला फडावर जायचं, करंज्या न्यायच्या, ढोलकी न्यायची, आणि पहिलं गाणं तिथे म्हणायचं. निर्णय झालेला नाही. रविवारी उपासनेनंतर परत बसणार आहोत. काही जण नाराज आहेत. त्यांना मी दोष देणार नाही. पण माझं मत जीपला आहे.

एक अट मात्र मी घातलीय, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. फडावर फोन खिशातून काढायचा नाही. ब्लँकेट देतानाचा फोटो नाही, रील नाही, स्टेटस नाही. निकोलस बिशपांनी गुपचूप दिलं होतं, आठवतंय ना? आपण फोटोसाठी गेलो, तर सांताची टोपी आणि आपली सेवा यांत फरक काय राहिला? आणि ती माणसं आपल्या मंडळीतली आहेत, आपण दान करायला चाललेलो नाही. त्यांच्याच घरी नाताळ करायला चाललोय. चहा त्यांच्या चुलीवरचा प्यायचा.

तुम्ही ख्रिस्ती असा, नसा, यंदा चांदणी लावा, केक कापा, मजा करा. फक्त एकदा आपल्या माणसांची मोजणी करा. कोण कामावर अडकलंय, कोण दवाखान्यात आहे, कोणाला यंदा कोणी बोलावलंच नाही. त्यातल्या एकाकडे जा. फोन केला तरी चालेल, पण फॉरवर्ड केलेला मेसेज नको.

रविवारी बैठकीत काय ठरलं ते पुढच्या भागात सांगते. तोवर थंडीत काळजी घ्या. तुम्हा सगळ्यांना नाताळच्या, म्हणजे जन्माच्या, शुभेच्छा.